रिव्ह्यू : समृद्धीवरून खाली उतरल्यावर आमच्या गावापर्यंतचा रस्ता

हॉटेलाचा रिव्ह्यू लोकं लिहितात, मोबाईलचा लिहितात, पण ज्या रस्त्यावर आपलं रोजचं डिझेल, टायर अन् कंबर जाते त्याचा कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहून राहिलो. वाशिम जिल्ह्यातला रस्ता आहे, नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजवरून खाली उतरलं की आमच्या गावापर्यंत साधारण 14 किलोमीटर. गावाचं अन् रस्त्याचं काम पाहणाऱ्या ऑफिसचं नाव टाकत नाही, कारण असा रस्ता आमचा एकट्याचाच नाही अन् एखाद्या साहेबाच्या नावाने बोटं मोडून काही गिट्टी पडत नाही. माझी पिकअप आहे, सीझनला कापूस, सोयाबीन, तूर घेऊन बाजार समितीत जातो, येताना खताच्या बॅगा, सिमेंट, कधी लग्नाच्या मंडपाचं सामान, असं भाडं चालतं. त्यामुळे या रस्त्याचा खड्डा न् खड्डा पाठ आहे.

रेटिंग आधीच सांगून टाकतो. समृद्धीला 5 पैकी 4. आमच्या रस्त्याला 5 पैकी 1, अन् तो 1 सुद्धा पहिल्या चार किलोमीटरसाठी.

समृद्धी चांगला झाला यात वादच नाही. 701 किलोमीटरचा रस्ता, नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला अन् इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा 5 जून 2025 ला, म्हणजे आता सरळ मुंबईच्या तोंडापर्यंत. आमच्या इकडून नागपूरला पेशंट न्यायचा म्हटलं की पहिले मुक्कामाची तयारी करून निघावं लागायचं, आता सकाळी निघून दवाखाना करून रात्री जेवायला घरी. एक स्टार कापला तो टोलचा. सुरू झाला तेव्हा कारला किलोमीटरमागे 1 रुपया 73 पैसे होते, 1 एप्रिल 2025 पासून 2 रुपये 6 पैसे झाले, मालगाडीला त्याहून जास्त, मग भाड्यात काय उरणार. टू-व्हीलर, ऑटो, ट्रॅक्टर यांना वरती बंदी आहे, ती बरोबरच आहे, 120 च्या स्पीडमध्ये ट्रॅक्टर घुसला तर माणसं मरतील. पण आमच्या गावात बहुतेक घरी मोटरसायकल अन् ट्रॅक्टरच आहे हो. ज्यांची जमीन गेली त्यातल्या बऱ्याच जणांचं रोजचं येणंजाणं समृद्धीच्या खालच्या बोगद्यातूनच, म्हणजे त्यांच्यासाठी रस्ता म्हणजे हाच, 14 किलोमीटरचा.

आता या रस्त्याचं सांगतो. पाहायला एक रस्ता आहे पण कागदावर त्याचे तीन तुकडे आहेत, अन् सगळी गोम तिथूनच सुरू होते.

पहिले चार किलोमीटर प्रमुख जिल्हा मार्ग. रुंद केला, डांबर चांगलं, साइडपट्टी मुरमाने भरलेली, वळणावर रिफ्लेक्टर, पुलियाला कठडे. रात्री गाडी चालवायला काही टेन्शन नाही. काम करणाऱ्याने मनापासून केलं, हे लिहिलंच पाहिजे. लोकं म्हणतात इंटरचेंजजवळ आहे, पाहुणे येतात, म्हणून झाला. मला ते माहीत नाही, पण एका दमात, एका सीझनमध्ये सुरू झाला अन् संपला, याचं कारण एवढंच की त्याचा पूर्ण पैसा हातात होता.

मधले सहा किलोमीटर हा खरा प्रश्न आहे. इथं जुना रस्ता होता, खड्डे होते, पण चालत होता. मग रुंदीकरण मंजूर झालं, नारळ फुटला, जेसीबी लागला, जुनं डांबर उकरलं, दोन्ही बाजूने बॉक्स कटिंग, म्हणजे पेटीसारखं खोदकाम केलं, मुरूम टाकला, त्याच्यावर मोठी गिट्टी पसरली, रोलर फिरला अन् काम बंद. कंत्राटदाराची मशिनरी एक दिवस ट्रेलरवर चढली अन् गेली. तेव्हापासून पावसाळे येऊन गेले, गिट्टी तशीच उघडी. वरून डांबर नाही त्यामुळे गिट्टीला धरून ठेवणारं काही नाही, गाडीच्या चाकाखालून ती बंदुकीच्या गोळीसारखी उडते. टू-व्हीलरवाला समोरून आला की मी गाडी थांबवतोच, कारण एका पोराच्या गुडघ्याची वाटी अशाच गिट्टीने गेली.

आता हे नीट समजून घ्या, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं काम थांबलं म्हणजे फक्त उशीर झाला. तसं नसतं. आमची जमीन काळी, कपाशीची. ही माती पाणी प्याली की फुगते अन् उन्हाळ्यात भेगा पडतात, पाय जाईल एवढ्या. म्हणून तर इथं खालून मुरमाचा थर जाड द्यावा लागतो, बाजूने नाली काढावी लागते, अन् वरून डांबर टाकून पाणी आत जाऊ न देणं हेच रस्त्याचं मुख्य काम असतं. इथं काय झालं, खोदकाम केलं पण नाली काढलीच नाही, मग ते खोदलेलं बॉक्स पावसात पाण्याने भरलं, खालची काळी माती फुगली, मुरूम तिच्यात बसला अन् गिट्टी मुरमात बसली. मागच्या दिवाळीनंतर मी एका ठिकाणी उतरून टॉमीने, म्हणजे गाडीतल्या लोखंडी दांड्याने, उकरून पाहिलं, बोटभर खाली गेलो की काळा चिखलच हाताला लागला, गिट्टी अन् माती एकजीव. म्हणजे जो पैसा आधी लागला तो पण गेला. आता पुन्हा काम सुरू झालं तरी हे सगळं काढून खालपासून करावं लागेल, अन् खर्च वाढला की सुधारित मान्यतेची फाईल, ती मुंबईला जाईल, मग पुन्हा बसा वाट पाहत.

याच तुकड्यात नाल्यावर पुलिया आहे. एका बाजूचा स्लॅब झाला, दुसऱ्या बाजूला सळया उभ्या आहेत, गंजून लाल झाल्या. बाजूने जायला पाइप टाकून मातीचं कच्चं वळण काढलं होतं, ते पहिल्याच मोठ्या पाण्यात वाहून गेलं. गावातल्या लोकांनी ट्रॅक्टर लावून, स्वतःच्या डिझेलने, मुरूम आणून पुन्हा भरलं. दरवर्षी भरतात. नाल्याला पूर आला की गाव बंद. पाणी उतरेपर्यंत दूध पलीकडे जात नाही, मजूर इकडे येत नाही, अन् कोणाचं बाळंतपण असलं तर पोटात गोळाच येतो. आशाताई आता काय करतात, तारीख जवळ आली की पावसाळ्यात बाईला आधीच तालुक्याला नातेवाईकाकडे पाठवून देतात. ज्याचं तालुक्याला कोणी नाही त्याने काय करायचं, याचं उत्तर आशाताईंकडेही नाही.

एसटीचं पण तेच. बस आता फाट्यावरूनच वळते. ड्रायव्हरला मी दोष देत नाही, त्या गिट्टीवर स्प्रिंगचे पाटे तुटतात. पण 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट झालं, शाळेच्या पोरींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, या चांगल्या गोष्टी झाल्या, अन् आमच्या गावच्या पोरींना त्याचा उपयोग काय तर फाट्यापर्यंत पायी जा, मग बस. पायी म्हणजे कपाशीच्या, तुरीच्या शेतामधून, हिवाळ्यात संध्याकाळी लवकर अंधार पडतो. दहावीनंतर कोणत्या पोरीचं शिक्षण चालू राहिलं अन् कोणाचं थांबलं हे आमच्या गावात बरंचसं घरी मोटरसायकलवर सोडणारा माणूस आहे की नाही यावर ठरतं. मला दोन भाच्या आहेत, एकीचं चालू आहे, एकीचं थांबलं. हुशार दोघी होत्या.

उन्हाळ्यात धूळ. वेचणीच्या टायमाला रस्त्याच्या कडेच्या दोन-चार ओळींतला कापूस मातकट होतो, व्यापारी हातात घेतो, फुंकतो अन् भाव पाडतो. त्या शेतकऱ्याने काय पाप केलं होतं? भाड्याचं पण सांगतो, या रस्त्यावर मला भाडं जास्त घ्यावं लागतं, टायर अन् पाट्याचा खर्च कुठून काढू? म्हणजे रस्त्याचा पैसा सरकारने दिला नाही तरी लोकं तो देतच आहेत, क्विंटलमागे.

शेवटचे चार किलोमीटर ग्रामीण मार्ग, प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला. ही योजना 25 डिसेंबर 2000 ला सुरू झाली, आमच्याकडे आली तेव्हा गावात पेढे वाटले होते. रस्ता अरुंद, पावणेचार मीटर, पण चांगला केला होता. या योजनेत करणाऱ्यालाच पाच वर्षं देखभाल करावी लागते अन् तसं बोर्डावर लिहिलेलं असतं, हा नियम मला फार आवडतो, सगळ्याच रस्त्यांना पाहिजे. पण पाच वर्षं संपली की रस्ता जिल्हा परिषदेच्या अंगावर, अन् जिल्हा परिषदेकडे दुरुस्तीला पैसा तो किती. त्यात समृद्धीचं काम चालू होतं तेव्हा मुरमाचे भरलेले हायवा डंपर दिवसरात्र याच रस्त्यावरून गेले. हा रस्ता बैलगाडी, ट्रॅक्टर अन् एखाद्या एसटीच्या हिशोबाने केलेला, त्याच्यावरून हायवा गेले तर काय उरणार? महामार्ग झाला, आनंद आहे, पण त्याच्यासाठी जो रस्ता मोडला तो नीट करून देणं हे त्याच कामाच्या खर्चात पाहिजे होतं. माझं हे मत पक्कं आहे.

आता उशीर का होतो ते. मी ऑफिसला गेलतो, गावातले चार-पाच जण सोबत होते. तिथले शाखा अभियंता चांगला माणूस, खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, "भाऊ, तुमच्या कामाले मंजुरी आहे, तरतूद नाही." आमच्यातला एक काकाजी म्हणाला, "मंजुरी आहे तं पैसे कायले नाही?" मग त्यांनी समजावून सांगितलं, अन् तेव्हापासून मला हा सगळा खेळ समजला. समजा 10 कोटीचं काम आहे. बजेटमध्ये काम छापून आलं, प्रशासकीय मान्यता मिळाली, टेंडर झालं, कार्यारंभ आदेश निघाला, पण त्या वर्षी त्या कामापुढे तरतूद किती, 50 लाख. बाकीचे पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. तेवढ्या पैशात उकरणं अन् गिट्टी होते. पुढचं बिल थकलं की कंत्राटदार मशीन उचलतो, कारण त्याला डिझेलवाला अन् खदानवाला उधार देत नाही. 10 कोटी हाताशी असले तर एक रस्ता पूर्ण करायचा सोडून दहा रस्त्यांना थोडे थोडे देऊन दहा ठिकाणी नारळ फोडायचे. एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरं काय. फोटो दहा निघतात, रस्ता एकही होत नाही.

बिलांचं तर पेपरात पण येतं. 2025 मध्ये राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटनांनी सगळ्या खात्यांची मिळून 89 हजार कोटींची बिलं थकल्याचा दावा केला होता, आंदोलनं पण झाली. त्यात छोटे कंत्राटदार जास्त मरतात, मोठ्याला बँक उभी करते.

त्यात कामाचा सीझन छोटा. आमच्याकडे डांबर टाकायचं तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर ते मे, बस. 2024 मध्ये काय झालं पहा, लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली ती जूनपर्यंत, मग पावसाळा, मग 15 ऑक्टोबरला विधानसभेची लागली ती नोव्हेंबर संपत आल्यावर उठली. चालू काम आचारसंहितेत करता येतं, पण नवीन आदेश काढता येत नाही, अन् आमचं काम धड चालू नाही धड नवीन नाही. अख्खा सीझन गेला. निवडणूक पाहिजेच, पण कोरड्या महिन्यांत आदेश अडकणार हे माहीत असतं तर कागद आधी का नाही करून ठेवत?

काही लोकं लगेच म्हणतात लाडक्या बहिणीने पैसा खाल्ला. मी तसं म्हणणार नाही. 2024 ला योजना आली तेव्हा वर्षाला 46 हजार कोटींचा खर्च सांगितला होता, रक्कम मोठी आहे हे खरं, पण आमच्या गल्लीत त्या दीड हजारात किराणा भरतो, औषध येतं, मी डोळ्याने पाहतो. आमचा रस्ता त्याच्या आधीपासून अडकलेला होता. माझं म्हणणं रस्त्याच्याच पैशाच्या वाटणीबद्दल आहे.

थोडा हिशोब करा. समृद्धीला 55 हजार कोटींच्या वर लागले, 701 किलोमीटरला, म्हणजे किलोमीटरला 78 कोटीच्या आसपास. शक्तिपीठ महामार्ग, आपल्या वर्ध्याजवळच्या पवनारहून गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीपर्यंत, जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली तेव्हा 802 किलोमीटर, अंदाज 86 हजार 300 कोटी, त्यात भूसंपादन अन् त्याच्या कर्जाचं व्याज मिळूनच 20 हजार 787 कोटी धरले. किलोमीटरला 107 कोटी. अन् ग्राम सडक योजनेचा चौथा टप्पा 2024 ला केंद्राने मंजूर केला तो अख्ख्या देशासाठी 62 हजार 500 किलोमीटर अन् 70 हजार 125 कोटींचा, म्हणजे किलोमीटरला सव्वा कोटी पण नाही. शक्तिपीठच्या एका किलोमीटरच्या पैशात गावचे नव्वदच्या वर किलोमीटर होतात. मोठ्या रस्त्यावर पूल असतात, बोगदे असतात, जमिनीचा मोबदला असतो, कर्ज काढून टोलमधून फेडतात, हे सगळं मला मान्य आहे. गावच्या रस्त्याला टोल नाही म्हणून त्याला कर्ज मिळत नाही, तो बजेटच्या उरल्यासुरल्यावर जगतो. पण मग बजेटचा तो पैसा तरी आधी अर्धवट कामं पूर्ण करायला लावा ना. आमच्या सहा किलोमीटरला लागतात ते पैसे शक्तिपीठच्या शंभर मीटरचे पण नसतील.

अनुशेषाचं, म्हणजे मागे राहिलेल्या भागातल्या राहून गेलेल्या कामांचं, पुराण इथं काढत नाही, दांडेकर समितीने 1984 ला रस्त्यांचा पण अनुशेष मोजून दिला होता, 2013 ला केळकर समितीचा अहवाल आला, अन् विदर्भ वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. मोजमाप भरपूर झालं, एवढंच म्हणतो.

आणि कोणी म्हणेल की रस्ता करणं टाइम लागणारंच काम आहे, तर त्याने आमच्या शेजारी पाहावं. अमरावती-अकोला महामार्ग, आताचा 53 नंबर, आम्ही सगळे मूर्तिजापूरकडून त्याच्यावरून जायचो अन् शिव्या देत जायचो. चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं, पहिला कंत्राटदार पैशाअभावी बसला, काम थांबलं, मग तुकडे करून नवीन टेंडर काढावं लागलं. अन् त्याच रस्त्यावर जून 2022 ला, 3 तारखेपासून 7 तारखेपर्यंत, 75 किलोमीटर लांबीच्या एका लेनचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत केलं, गिनीजमध्ये नोंद झाली. तीच काळी माती, तेच ऊन, आपलेच मजूर. माझे दोन ओळखीचे त्या कामावर टिप्पर चालवायला होते, ते सांगतात की प्लांट तयार, गिट्टीचे ढीग आधीच लागलेले, डांबर आलेलं, इंजिनिअर रात्रभर उभे. खालचं काम आधी झालेलं होतं हे खरं, पाच दिवसांत अख्खा रस्ता होत नसतो. पण सामान अन् पैसा आधी जमा असला की आपल्या इकडची माणसं काय करू शकतात हे तिथं दिसलं. आमच्या सहा किलोमीटरला डांबराचा थर टाकायला किती वेळ लागेल, सांगा.

मला विचाराल तर एकच नियम करा : जिल्ह्यात जोपर्यंत उकरून ठेवलेला रस्ता आहे तोपर्यंत त्या हद्दीत नवीन रस्त्याचा नारळ फोडायचा नाही. अन् उकरायचं तेवढंच जेवढं त्या सीझनमध्ये डांबराखाली जाईल, दोन किलोमीटर तर दोन. आधी पुलिया अन् नाली, मग रस्ता. पांदण रस्त्यांचं पण असंच, 2021 ला मातोश्री योजना आणली, चांगली आहे, माझ्या ओळखीच्यांच्या शेतापर्यंत खडीकरण झालं, तिथं पावसाळ्यात पण ट्रॅक्टर जातो, पण जिथं नुसती माती टाकून सोडली तिथं पहिल्यापेक्षा जास्त चिखल.

येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी : मॅपवर हा रस्ता सरळ अन् जवळचा दाखवतो, फसू नका.  टू-व्हीलरवर रात्री येऊ नका. जून ते सप्टेंबर नाल्याला पाणी किती आहे ते गावात कोणाला तरी फोन करून विचारूनच निघा, पाण्याखाली वळण शाबूत आहे की वाहून गेलं हे वरून कळत नाही. ॲम्ब्युलन्स बोलवायची तर फाट्यावर बोलवा अन् पेशंट ट्रॅक्टरने तिथपर्यंत आणा, टाइम वाचतो. अन् तुमच्या गावात काम सुरू होत असेल तर पहिल्याच दिवशी बोर्डाचा फोटो काढून ठेवा, किंमत, लांबी, सुरू अन् संपायची तारीख, देखभाल किती वर्षं, सगळं त्याच्यावर असतं. आमचा बोर्ड वाऱ्याने पडला अन् कोणी उचलून नेला, आता तारीख विचारायला गेलं की माहितीच्या अधिकारात अर्ज करा म्हणतात. तो अर्ज केला आहे, उत्तर आलं की इथंच खाली टाकतो.